लोकसहभागातला ‘भाग’ कुणाचा?

मराठी शासकीय गद्यात गेल्या काही दशकांत जे शब्द रुळले, त्यांत ‘लोकसहभाग’ हा सर्वांत निरुपद्रवी दिसणारा शब्द आहे. पाणलोटाच्या कामात तो असतो, ग्रामस्वच्छतेत असतो, आणि अलीकडे वारसास्थळांच्या जतनाविषयीच्या प्रत्येक भाषणात व फलकावरही असतो. त्याला कुणी विरोध करीत नाही. ज्या शब्दाला कुणीच विरोध करीत नाही त्याची झडती घेणे हे साहित्याच्या अभ्यासकाचे काम आहे, असे मी समजतो. सहभाग म्हणजे बरोबरीचा वाटा. ‘भाग’ या शब्दाला आपल्या भाषेत जुना आणि रोकडा अर्थ आहे: शेतातला भाग, वाड्यातला भाग, वतनातला भाग. ज्याचा भाग आहे त्याला विचारल्यावाचून व्यवहार पुरा होत नाही. त्याची सही लागते, आणि नुकसान झाले तर ते त्याच्याही अंगावर येते. आता प्रश्न असा की, सार्वजनिक जमिनीवर उभ्या असलेल्या किल्ल्यांच्या, लेण्यांच्या आणि देवळांच्या जतनात लोकांना या अर्थाचा कोणता भाग आहे? लोकांचे हात मागितले जातात, वर्गणी मागितली जाते, भावना तर न मागताच गृहीत धरल्या जातात. मत मात्र मागितले जात नाही. ज्याला आपण लोकसहभाग म्हणतो ती बव्हंशी वेठ आहे. फरक इतकाच की ही वेठ लोक आनंदाने करतात.

हे विधान महाराष्ट्रातील किल्ल्यांच्या संदर्भात तपासून पाहू. निमित्तही ताजे आहे. ११ जुलै २०२५ रोजी पॅरिसमध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा समितीच्या ४७व्या अधिवेशनात ‘मराठा लष्करी भूप्रदेश’ म्हणून बारा किल्ल्यांची जागतिक वारसा यादीत नोंद झाली. साल्हेर, शिवनेरी, लोहगड, खांदेरी, रायगड, राजगड, प्रतापगड, सुवर्णदुर्ग, पन्हाळा, विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग हे महाराष्ट्रातले अकरा, आणि तमिळनाडूतील जिंजी. आनंद झाला, होणे योग्यच होते. पण या नोंदीच्या नावातला ‘भूप्रदेश’ हा शब्द किती जणांनी नीट वाचला? जगाने मान्यता दिली ती बारा इमारतींना नव्हे. डोंगर, समुद्र, रान, वाटा आणि बांधकाम यांनी मिळून घडलेल्या प्रदेशाला ती मिळाली आहे. भूप्रदेशात माणसे राहतात. पन्हाळा हे तर नगरपरिषद असलेले नांदते गाव आहे. सिंधुदुर्गाच्या तटाच्या आत आजही काही कुटुंबे राहतात. तरीही ज्या प्रस्तावाच्या बळावर ही नोंद झाली तो इंग्रजीत आहे, आणि पायथ्याच्या वाडीतल्या माणसाने तो वाचावा अशी अपेक्षा कुणी धरल्याचे दिसत नाही. त्या माणसापर्यंत वारसा पोहोचतो तो प्रतिबंधाच्या रूपाने: इथे खणू नये, इथे बांधू नये, इथे टपरी लावू नये.

कायद्याकडे पाहिले तर याचे कारण उमगते. आपल्या संविधानात वारसा दोनदा येतो. अनुच्छेद ४९ अन्वये राष्ट्रीय महत्त्वाच्या स्मारकांचे रक्षण ही राज्यसंस्थेची जबाबदारी ठरते. १९७६च्या बेचाळिसाव्या दुरुस्तीने आलेल्या अनुच्छेद ५१क नुसार आपल्या संमिश्र संस्कृतीचा वारसा जपणे हे नागरिकाचे मूलभूत कर्तव्य ठरते. म्हणजे राज्यसंस्थेकडे अधिकार आणि नागरिकाकडे कर्तव्य. या दोहोंना जोडणारा हक्क कुठेच नाही. १९५८चा केंद्रीय प्राचीन स्मारकांचा कायदा पाहावा. त्याच्या चौथ्या कलमानुसार एखादी वास्तू संरक्षित घोषित करण्यापूर्वी दोन महिन्यांची नोटीस द्यावी लागते आणि त्या अवधीत संबंधित व्यक्तीला हरकत घेता येते. वास्तू संरक्षित होऊ नये एवढ्यापुरता लोकांचा आवाज कायद्याला ऐकू येतो. ती संरक्षित झाल्यावर तिची डागडुजी कशी व्हावी, पैसा प्रथम कोणत्या बुरुजावर खर्च व्हावा, कोणती वाट खुली ठेवावी, याबद्दल तो आवाज ऐकण्याची तरतूद त्या कायद्यात नाही. सहावे कलम जतनासाठी करार करण्याची मुभा देते, पण तो करार स्मारकाच्या मालकाशी. सार्वजनिक जमिनीवर मालक सरकारच. तेव्हा सरकार कुणाशी करार करणार?

२०१०च्या दुरुस्तीने संरक्षित क्षेत्रापासून १०० मीटरपर्यंतचा पट्टा प्रतिबंधित आणि त्यापुढील २०० मीटरचा पट्टा विनियमित ठरवला. शिवाय प्रत्येक स्मारकासाठी वारसा उपविधी करण्याची आणि त्यांच्या मसुद्यावर जनतेच्या सूचना मागवण्याची पद्धत आली. ही सुधारणा आहे, नाकारण्याचे कारण नाही. पण हे उपविधी शेजाऱ्याने घर किती उंच बांधावे याविषयी आहेत. स्मारकाचे काय करावे याविषयी नाहीत. शेजारी हा धोका आहे आणि त्या धोक्याचे नियमन करायचे आहे, ही मूळ धारणा तशीच राहिली.

बरे, या एकाधिकारातून रक्षण तरी नीट झाले का? २०१३ साली महालेखापरीक्षकांच्या अहवालाने दाखवून दिले की प्रत्यक्ष तपासलेल्या १,६५५ केंद्रसंरक्षित स्मारकांपैकी ९२ जागेवर सापडलीच नाहीत. पुढे काहींचा ठावठिकाणा लागला. त्यानंतर २०२२मध्ये संसदीय समितीपुढे ५० स्मारके नाहीशी झाल्याचा हिशेब आला: १४ शहरांच्या वाढीत गेली, १२ धरणांच्या जलाशयांत बुडाली, आणि २४ कुठे आहेत याचा पत्ताच लागत नाही. त्याच वेळी असेही समोर आले की देशातील ३,६९३ केंद्रसंरक्षित स्मारकांपैकी केवळ २४८ ठिकाणी पहारेकरी नेमलेले होते. स्मारक ‘सापडत नाही’ या वाक्याचा अर्थ काय? त्याच्याभोवती राहणाऱ्या माणसांपैकी एकाशीही त्या खात्याचा वर्षानुवर्षे संबंध नव्हता, असा त्याचा अर्थ. गावातल्या एका शाळामास्तराकडे त्या स्मारकाचा कागद असता आणि वर्षातून एकदा त्याला पत्र गेले असते, तरी चोवीस वास्तू अशा हवेत विरल्या नसत्या.

इथे कुणी म्हणेल की, लोकांचा आणि किल्ल्यांचा असा जिव्हाळ्याचा संबंध पूर्वी तरी कधी होता? होता, आणि तो निव्वळ जिव्हाळ्याचा नव्हता, व्यवहाराचा होता. त्या व्यवहाराचा शब्द आपल्या महसुली दप्तरात अजून शिल्लक आहे: घेरा. हवेली तालुक्यात घेरा सिंहगड आहे, वाई तालुक्यात घेरा केंजळगड, खेड तालुक्यात घेरा रसाळगड. गडाच्या भोवतीचा मुलूख आणि त्यातल्या वस्त्या म्हणजे घेरा. गडाच्या आत हवालदार, सबनीस आणि कारखानीस यांची व्यवस्था होती, ती आपल्याला पाठ्यपुस्तकातून ठाऊक असते. पण गडाच्या बाहेर, उतारावर आणि रानात रामोशी, महार, मांग, कोळी, बेरड यांच्या वस्त्यांवर चौकी-पहाऱ्याची जबाबदारी असे, आणि तिच्या बदल्यात त्यांना जमीन व हक्क असत. रामचंद्रपंत अमात्यांचे आज्ञापत्र अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकातले. त्यातले दुर्गप्रकरण वाचताना लक्षात येते की तट-बुरुज, पाणी, झाडी आणि माणसे यांचा विचार तिथे एकत्र केलेला आहे. गड राखणे म्हणजे हे सगळे राखणे. या व्यवस्थेचे गोडवे गाण्याचे कारण नाही. ती जातींच्या उतरंडीवर उभी होती आणि पहाऱ्याचे जिणे सोपे नव्हते. तरी एवढे खरे की त्या उतरंडीच्या तळाच्या माणसालाही गडात भाग होता, आणि तो भाग कागदावर होता.

तो भाग कधी गेला याच्या तारखा आहेत. १८१८ नंतर कंपनी सरकारने अनेक किल्ले युद्धाला निरुपयोगी करून टाकले आणि पहाऱ्याची गरज संपली. पुरंदरच्या परिसरातल्या रामोशांचा उमाजी नाईकांच्या नेतृत्वाखाली जो उठाव झाला, त्यामागे हे हिरावलेले हक्क होते. १८४४ साली कोल्हापूर संस्थानात सामानगडापासून गडकऱ्यांचे बंड पेटले. गडकरी म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या किल्ल्याच्या चाकरीवर जमीन खाणारी कुटुंबे; कारभाराची ‘सुधारणा’ करताना त्यांच्या जमिनींना हात घातला गेला, म्हणून ते उठले. इतिहासाच्या पुस्तकांत ही बंडे ब्रिटिश सत्तेविरुद्धच्या लढ्याची आरंभीची प्रकरणे म्हणून येतात, ते बरोबरच आहे. पण ती आणखी एका गोष्टीची नोंद आहेत: महाराष्ट्रात किल्ल्यांच्या ताब्यावरून सामान्य लोकांनी दिलेला तो शेवटचा हक्काचा लढा. त्यानंतर १८७८च्या वन कायद्याने राखीव जंगलाची चौकट आणली, आणि डोंगरउतार तिच्यात जाऊ लागले. १९०४च्या प्राचीन स्मारक कायद्याने वरचे बांधकाम ‘स्मारक’ करण्याची सोय केली. गड वर राहिला, घेरा खाली राहिला, मध्ये सरकार आले. स्वातंत्र्यानंतर सरकार बदलले. रचना तीच राहिली. आज एकाच गडाचा तट पुरातत्त्व खात्याचा, उतार वनखात्याचा, पायथ्याचा रस्ता बांधकाम खात्याचा, आणि गाडीतळावरची पावती ग्रामपंचायतीची, असा प्रकार सर्रास आढळतो. ज्याच्या नावाने गाव वसले तो घेरा या वाटणीत पावतीपुरता उरला.

या रिकाम्या जागी दुसऱ्या प्रकारचा लोकसहभाग आला, त्याचीही तारीख आहे. जोतीराव फुल्यांचा शिवाजीमहाराजांवरील पोवाडा १८६९चा. त्यात राजा कुळवाड्यांचा होता. १८९५ साली टिळकांनी रायगडावरील समाधीच्या जीर्णोद्धारासाठी निधीची हाक दिली आणि १८९६ साली रायगडावर उत्सव झाला. त्या चळवळीचे राजकीय मोल कमी लेखायचे नाही. परंतु तिने जतनातल्या लोकसहभागाचा जो साचा घालून दिला तो आजतागायत मोडलेला नाही: शहरातून वर्गणी, गडावर उत्सव, वर्तमानपत्रात लेख, आणि सरकारकडे मागणी. या साच्यात गडाचा घेरा कुठेच नव्हता. लोक म्हणजे गडावर येणारे लोक. गडापाशी राहणारे लोक नव्हेत. आजची आपली सगळी गफलत या एका अदलाबदलीत आहे.

आज शेकडो तरुण दर शनिवार-रविवारी गडांवर जातात, प्लास्टिक गोळा करतात, टाक्यांतला गाळ उपसतात, ढासळलेल्या पायऱ्या रचतात, झाडीत पडलेल्या तोफा उचलून चौथऱ्यावर ठेवतात. कित्येक गडांवर नवे लाकडी दरवाजे बसवले गेले आहेत. या तरुणांच्या निष्ठेबद्दल शंका घेणारा मनुष्य कृतघ्न म्हणावा लागेल. तरीही जे बोलायला हवे ते असे: टाक्यातला गाळ हा पुरावा असतो. थरांवर थर बसत तो साचलेला असतो. त्यात खापरे असतात, नाणी असतात, जळके लाकूड असते, आणि कोणती वस्तू कोणत्या थरात होती यावरच तिचा काळ ठरतो. घमेल्याने उपसून दरीत टाकलेला गाळ म्हणजे न वाचताच फाडलेला कागद. सिमेंटचेही तसेच. जुना तट चुन्यात बांधलेला असतो. चुना भट्टीत भाजून, विरवून, घाणीत मळून, त्यात गूळ, बेलफळ, हिरडा अशी द्रव्ये घालून केलेला तो सांधा थोडा मऊ असतो, ओल आत घेतो आणि बाहेर सोडतो. सिमेंटचा सांधा कडक असतो. ओल त्यातून निघत नाही, ती दगडातून वाट काढते. विशेषतः कोकणातल्या जांभ्यासारखा मऊ दगड मग सांध्याच्या कडेने झिजत जातो. सांधा टिकतो, दगड जातो.

साहित्याच्या विद्यार्थ्याला हे समजावून सांगायला नको, कारण पाठचिकित्सेचा पहिला धडा हाच आहे. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात १९१९ साली महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम सुरू झाले आणि १९६६ साली ती संहिता पुरी झाली. निरनिराळ्या लिप्यांतल्या पोथ्या ताडून पाहताना तिथल्या संपादकांनी एक शिस्त पाळली: आवडला म्हणून श्लोक ठेवायचा नाही, आणि नको असलेला श्लोक गुपचूप पुसायचाही नाही. प्रक्षिप्त ठरलेला मजकूर तळटिपेत, परिशिष्टात जपून ठेवायचा, म्हणजे पुढच्या वाचकाला संपादकाचा निर्णय तपासता येईल. गडावर बसवलेला नवा दरवाजा हा प्रक्षेप आहे. तो असू नये असे मी म्हणत नाही. तो कोणत्या वर्षी, कोणत्या आधारावर, कुणी बसवला, तिथे आधी काय होते, याची नोंद नसेल तर शंभर वर्षांनी तो मूळ संहितेत मिसळलेला असेल. ही शिस्त या तरुणांना कुणी शिकवली? पुरातत्त्व खात्याच्या दृष्टीने ते एक तर बिनमोल मजूर आहेत किंवा गुन्हेगार. संरक्षित स्मारकाला इजा करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड सांगणारा कायदा, चुना कसा मळावा हे सांगण्याची तसदी घेत नाही. ज्ञान खात्यात, श्रम मैदानात, आणि या दोहोंत संभाषण नाही. अशा स्थितीत श्रम चुकले तर दोष एकट्या श्रमाचा नसतो.

शासनाला लोकांशी करार करणे अवघड वाटते, पण उद्योगसमूहांशी तसे वाटत नाही. राज्यसंरक्षित स्मारकांच्या संगोपनाची ‘महाराष्ट्र वैभव’ योजना २००७ साली आली. केंद्राची ‘अपनी धरोहर, अपनी पहचान’ ही दत्तक योजना २०१७ साली. २०१८मध्ये दिल्लीचा लाल किल्ला एका सिमेंट-उद्योगसमूहाला पाच वर्षांसाठी पंचवीस कोटींच्या बोलीवर ‘दत्तक’ गेला. दत्तक हा शब्दही पाहण्यासारखा आहे. दत्तक जायला मूल पोरके असावे लागते असे नाही, पण जन्मदात्याची संमती लागते. इथे ती कुणी दिली? सप्टेंबर २०१९मध्ये महाराष्ट्रातील पंचवीस किल्ले वारसा-हॉटेलांसाठी आणि समारंभांसाठी भाडेपट्ट्याने देण्याच्या धोरणाची बातमी आली तेव्हा संतापाची लाट उसळली. त्यावर शासनाचा खुलासा असा होता की शिवकालाशी निगडित आणि संरक्षित किल्ल्यांना हात लावला जाणार नाही. विषय इतर, असंरक्षित किल्ल्यांचा आहे. आणि लाट ओसरली. ती ओसरावी हेच मला अधिक बोचते. ज्या किल्ल्यामागे मोठे नाव नाही, ज्याच्यावर कादंबरी नाही, त्याच्या घेऱ्यातल्या माणसाला विचारायला हवे होते, हा मुद्दा त्या संतापात कुठेच नव्हता. आपला संताप नावासाठी होता, जागेसाठी नव्हता.

आता सर्वांत अवघड उदाहरण. १४ जुलै २०२४ रोजी विशाळगडावरील अतिक्रमणे हटवण्याच्या मागणीसाठी जमाव जमला, आणि गडाच्या वाटेवरील गजापुरात मुसलमान वस्तीतली घरे, वाहने आणि मशीद यांची मोडतोड झाली. पुढे उच्च न्यायालयाला भर पावसाळ्यातील पाडकाम थांबवण्यास सांगावे लागले. लोकसहभागाच्या विरोधकांना याहून चांगला दाखला कोणता मिळेल? ‘पाहा, लोकांच्या हाती वारसा दिला की काय होते,’ असे ते म्हणू शकतात. पण त्या दिवसाचा अर्थ मला नेमका उलटा दिसतो. तिथे ‘लोक’ म्हणून कोण आले आणि कोण मार खात होते? आलेले लोक गडावर हक्क सांगत होते. ज्यांची घरे फुटली ते गडाच्या वाटेवर राहत होते. अतिक्रमण असेल तर ते कायद्याने, मोजणी करून, नोटीस देऊन, सर्वांना सारख्या मापाने हटवावे. याबद्दल दुमत नाही. परंतु पिढ्यान्‌पिढ्या गडाच्या सावलीत राहणाऱ्या माणसाला गडाचा शत्रू ठरवण्याचा अधिकार एका दिवसासाठी वर आलेल्या जमावाला कुणी दिला? ज्याला भाग नाही आणि उत्तरदायित्वही नाही, अशा भावनेला आपण दीडशे वर्षे लोकसहभाग म्हणत आलो. तिचे टोक हे असे असते. घेऱ्याच्या ग्रामसभेला गडाच्या कारभारात कायदेशीर स्थान असते, तर वाद झाला नसता असे नाही. पण तो सभेत झाला असता, इतिवृत्तात नोंदला गेला असता, आणि बोलणाऱ्याला दुसऱ्या दिवशी त्याच गावात तोंड दाखवावे लागले असते. ही लाज हाच लोकशाहीतला सर्वांत स्वस्त पहारेकरी आहे.

‘ग्रामसभेला यातले काय कळते?’ हा आक्षेप राहतो. त्याचे उत्तर याच देशाच्या कायद्यात आहे. १९९६चा पेसा कायदा अनुसूचित क्षेत्रांतील ग्रामसभेला आपल्या परंपरा, सांस्कृतिक ओळख आणि सामूहिक साधनसंपत्ती जपण्यास सक्षम मानतो. २००६च्या वनहक्क कायद्याचे पाचवे कलम ग्रामसभेला वनाबरोबरच तिथल्या रहिवाशांच्या सांस्कृतिक व नैसर्गिक वारशाचे रक्षण करण्याचे अधिकार देते. २००९ साली गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा या गावाला सामूहिक वनहक्क मिळाले, आणि सरकारी जंगलाचा कारभार गाव करू शकते हे महाराष्ट्रानेच देशाला दाखवले. ओडिशातील नियमगिरीवर बॉक्साइटची खाण व्हावी की नाही, या प्रश्नात २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने तिथल्या धार्मिक व सांस्कृतिक हक्कांचा निर्णय ग्रामसभांकडे सोपवला. बारा ग्रामसभा बसल्या आणि बाराही ग्रामसभांनी नकार दिला. डोंगर सरकारी होता, खनिज मोलाचे होते, तरीही डोंगर पवित्र का आहे हे सांगण्याचा पहिला अधिकार तिथे राहणाऱ्यांचा मानला गेला. जंगलाच्या बाबतीत जे मान्य झाले ते जंगलातल्या गडाच्या बाबतीत अमान्य का? तज्ज्ञांची गरज ग्रामसभेमुळे संपत नाही. रुग्णाला विचारावे लागते म्हणून वैद्याची गरज संपत नाही, तसेच हे आहे.

तेव्हा मागणी स्पष्ट असावी. प्रत्येक संरक्षित गडाचा संवर्धन-आराखडा मराठीत प्रसिद्ध व्हावा आणि तो पायथ्याच्या ग्रामसभेपुढे वाचला जावा. तिच्या हरकतींना लेखी उत्तर मिळावे. गडावर होणाऱ्या प्रत्येक कामाची, मग ते खात्याचे असो, ठेकेदाराचे असो वा स्वयंसेवकांचे, सर्वांना पाहता येईल अशी नोंदवही असावी: आधीचे छायाचित्र, वापरलेले साहित्य, नंतरचे छायाचित्र. गाळ काढण्यापूर्वी तो थराथराने तपासण्याचे आणि चुन्याच्या कामाचे प्रशिक्षण गावातल्या तरुणांना मिळावे, आणि त्या कामाचे दाम मिळावेत. फुकट श्रमदानाची अपेक्षा गरिबाकडूनच का करावी? प्रवेशशुल्काचा ठरलेला हिस्सा घेऱ्याकडे जावा. आणि जिथे नाव मोठे नाही अशा शेकडो असंरक्षित गडांबाबत, कोणताही भाडेपट्टा ग्रामसभेच्या ठरावाविना होऊ नये. यांत क्रांतिकारक असे काही नाही. भाग या शब्दाचा कोशातला अर्थ तेवढा पाळावा, इतकेच मागणे आहे.

राहता राहिला आपला, म्हणजे साहित्य शिकणाऱ्या-शिकवणाऱ्यांचा भाग. मराठी वाचकाला गडावर नेण्याचे श्रेय गो. नी. दांडेकरांना जाते, ‘माचीवरला बुधा’मध्ये त्यांनी गडाच्या माचीवर एका साध्या माणसाला राहायला नेले. पण त्यानंतरच्या बहुतेक ऐतिहासिक गद्यात गडावर राजा आहे, सरदार आहेत, घोडे आहेत; घेरा नाही. आणि हाच गद्याचा संस्कार पुढे फलकांवर, ध्वनिप्रकाशाच्या खेळांत आणि प्राधिकरणांच्या आराखड्यांत उतरतो. गडावर नवा नामफलक लागतो तेव्हा गुराखी ज्या नावाने त्या खिंडीला, त्या टाक्याला, त्या कड्याला ओळखत आला ते नाव पुसले जाते. तट पडला तर दिसतो. नाव पडले तर आवाजही होत नाही. ही नावे, त्यांमागच्या कथा, पहाऱ्याच्या वतनांच्या आठवणी, जुन्या वाटांची वर्णने गोळा करणे हे पुरातत्त्व खात्याचे काम नाही. ते भाषेचे काम आहे, म्हणजे आपले. राजवाड्यांनी गावोगाव हिंडून माळ्यांवरची दप्तरे मिळवली म्हणून आज आपल्याला इतिहास लिहिता येतो. ती दप्तरेही लोकांनीच राखली होती. महाराष्ट्रातल्या कितीतरी महाविद्यालयांच्या खिडकीतून एखादा गड दिसतो. त्या महाविद्यालयातील मराठी विभागाने आपल्या विद्यार्थ्यांकडून एका घेऱ्याची नावे जरी नोंदवून घेतली, आणि ती वही ग्रामपंचायतीत ठेवली, तरी पुढच्या वेळी कुणी आराखडा घेऊन आला की गावाजवळ दाखवायला एक कागद असेल. वतन गेले तेव्हा घेऱ्याजवळ कागद होता आणि बळ नव्हते. आज बळ मिळवायचे असेल तर कागदापासूनच सुरुवात करावी लागेल.